सिंधूअक्कांचा तेरडा आणि माझी सही

सिंधूअक्का मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा त्यांच्या हातात तेरड्याचं एकच रोप होतं, आणि मी चिडलेलो होतो. पाचोऱ्याच्या एका शाळेत विज्ञानशिक्षक म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो. अक्का तिथे प्रयोगशाळा परिचर होत्या. झाडाच्या देठातून पाणी वर कसं चढतं हे दाखवायला तेरड्यासारखं झाड नाही. मुळासकट उपटून लाल शाईच्या पाण्यात ठेवलं, की थोड्या वेळाने देठाच्या आत लाल रेघा चढलेल्या उघड्या डोळ्यांना दिसतात. मुलांचे दहा गट होते म्हणून दहा रोपं आणा, असं मी आदल्या दिवशी बजावून सांगितलं होतं. अक्कांनी एक आणलं. मी वर्गातच आवाज चढवला. अक्कांनी शांतपणे रोप शाईत ठेवलं, पदराला हात पुसले आणि आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "बठ्ठा पोरेसले एकच झाड दखाडा, सर. दुसरं बी असंच शे." वर्ग हसला. मला राग आला, पण खरं सांगायचं तर ते एक रोप सगळ्या मुलांना पुरलं. तास संपल्यावर अक्कांनी ते शाळेच्या विहिरीमागच्या ओलीत लावून टाकलं, आणि तो लालसर देठाचा तेरडा पुढे पंधरा दिवस फुलत राहिला.

अक्कांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गौरव समितीने मला लेख मागताना कळवलं, की भाषा प्रसन्न ठेवावी. समितीतली मंडळी माझी जुनी ओळखीची आहेत, त्यांनी असली अपेक्षा करायला नको होती. मी निवृत्त माणूस, गुडघे गेलेले, लिहायला बसायचं म्हटलं तरी जिवावर येतं. त्यात हा लेख सोपा नाही. अक्कांचा गौरव तर करायचाच आहे. तो आपण सगळेच करणार आहोत. पण आपल्या रानबियाणे मंडळात गेली सात वर्षं 'अक्कांचं बी भेसळीचं' असं जे बोललं जातं, त्याचा छडा लावण्याचं काम फक्त मीच करू शकतो. ती भेसळ कशी झाली हे मला ठाऊक आहे. ते या लेखात सांगणार आहे, आणि समितीने कात्री लावू नये अशी विनंती आहे.

ज्यांना अक्कांचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. पाचोऱ्याच्या दक्षिणेला, डोंगर सुरू होतो तिथे अक्कांचं गाव आहे. गावामागून एक नाला उतरतो. त्याच्या सावलीच्या काठावर रानतेरडा उगवतो, आपोआप, कोणी न लावता. फिकट गुलाबी, एकेरी फूल, मागे लांब बारीक शेपटी. बागेतल्या तेरड्यापुढे तो गरीबच दिसतो. अक्का लहान होत्या तेव्हा दोन्ही काठ भाद्रपदात गुलाबी व्हायचे. मग वरच्या अंगाला मुरूम काढायला ट्रॅक्टर लागले आणि एक काठ गेला. दुसऱ्या काठावर शेळ्या आणि गाजरगवत. अक्कांनी तिथपासून तो काठ सांभाळायला घेतला. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, कुठून अनुदान नव्हतं, आणि 'जैवविविधता' हा शब्द तर आम्ही मंडळवाल्यांनी त्यांना खूप नंतर ऐकवला.

आंबा एकदा लावला की आजाच्या नावावर नातू खातो. तेरड्याचं तसं नाही. तो चार महिन्यांचा पाहुणा. दर वर्षी उगवणार, फुलणार, बी टाकून मरणार, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून त्याची काळजीही दर वर्षी पहिल्यापासून. उन्हाळ्यात अक्का बोरीच्या काट्यांचं कुंपण नीट करतात. रोपं चार पानांवर आली की आजूबाजूचं गाजरगवत हाताने उपटतात. खत घालत नाहीत, पाणी घालत नाहीत. त्यांच्या रावेरकडच्या भाच्याने एकदा केळीला घालतात त्या खताची गोणी कौतुकाने आणून दिली होती. अक्कांनी त्याला चहा पाजला, गोणी ठेवून घेतली आणि सगळं खत परसातल्या वांग्यांना घातलं. "रानन्या झाडले लाड नको," एवढंच म्हणाल्या.

खरी परीक्षा बी गोळा करताना. तेरड्याचं बोंड पिकलं की बोट लागताच फुटतं आणि बी चारी दिशांना उडतं. लवकर तोडलं तर बी कच्चं, उशीर केला तर हातात फक्त साल. अक्का बोंड तोडत नाहीत. डावी मूठ बोंडाभोवती अलगद बंद करतात आणि बोंडाला मुठीतच फुटू देतात. मी कितीदा करून बघितलं. माझ्या मुठीतून निम्मं बी निसटतं आणि अक्का तोंडाला पदर लावून हसतात. तीन झाडं सोडून चौथ्याचं बी घ्यायचं, बाकी जमिनीचं, हा त्यांचा नियम. घेतलेलं बी सावलीत वाळवून, चुलीच्या राखेत घोळून, कागदाच्या पुडीत. पुडीवर कुठल्या वळणावरचं ते लिहिलेलं. मंडळ सुरू झालं तेव्हा धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांतून रानफुलांचं बी आम्ही जमवायचो आणि उजाड टेकड्यांवर, शाळांच्या आवारात, देवराईत पेरायचो. धुळ्याच्या वार्षिक बैठकीत लोक अक्कांच्या पुड्यांची वाट बघायचे. मंडळाची अट एकच होती, आजही आहे: बी अस्सल रानातलं हवं.

आता माझ्याबद्दल. त्या मंडळाचा मी पहिल्यापासून सचिव. पत्रं मी लिहायची, इतिवृत्त मी ठेवायचं, पाहुणे मी न्यायचे आणि मोठेपणाही मीच मिरवायचा. आठ वर्षांपूर्वी मी सगळ्या सभासदांना अक्कांचा काठ दाखवायला बोलावलं. धुळ्याहून, दोंडाईच्याहून, जळगावहून मंडळी येणार होती, सोबत एक वार्ताहर. 'सगळा काठ गुलाबी झालेला बघाल,' असं मी पत्रात लिहून बसलो होतो. आणि त्या वर्षी श्रावणात पावसाने ओढ दिली. काठावर रोपं विरळ, मध्येमध्ये उघडी माती. अक्का आठवडाभर गावात नव्हत्या. कानबाईच्या उत्सवासाठी बहिणीकडे दोंडाईच्याला गेल्या होत्या. थेट पाहुण्यांबरोबरच परतणार होत्या.

मी काय केलं? जळगावच्या एका रोपवाटिकेत गेलो. तेरड्याचे ट्रे मांडलेले होते. त्यातून अगदी फिकट गुलाबी आणि एकेरी फुलाची चाळीस रोपं एकेक करून निवडली. दुहेरी फूल चुकून येऊ नये म्हणून चष्मा पुसून बघितली. टेम्पोने आणली आणि भर दुपारी, गाव जेवून पडलेलं असताना, मोकळ्या जागांत लावली. काळ्या पिशव्या नाल्यातल्या एका खळग्यात दाबल्या. आपण काही वाईट करतोय असं मला वाटलंसुद्धा नाही. जात तीच, रंग तोच, फूल तसंच, मग बिघडलं कुठे, असा माझा हिशेब. अहो, मी दहावीच्या वर्गाला वाटाण्याचे दाणे फळ्यावर काढून अनुवंश शिकवत होतो! वरून सारखं दिसणाऱ्या झाडाच्या पोटात काय काय दडलेलं असतं, हे दर वर्षी घसा फोडून सांगत होतो. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा तो सगळा धडा फळ्याबरोबर पुसून टाकला.

भेट झकास झाली. फोटो निघाले, बातमी आली. अक्का काठाकडे बघत मला म्हणाल्या, "इतलं कसं फुलनं हो सर?" मी म्हणालो, "मधे एक सर पडून गेली ना, अक्का." त्यांनी मान डोलावली. सरांनी सांगितलं म्हणजे झालं. पाहुणे गेले की ती चाळीस रोपं उपटायची असं मी ठरवलं होतं. पण दुसऱ्याच आठवड्यात माझी पत्नी आजारी पडली आणि तिला जळगावला दवाखान्यात ठेवावं लागलं.

त्या वीस दिवसांबद्दल लिहिलं नाही तर हा गौरवलेख होणार नाही. अक्का एक दिवसाआड पाचोऱ्याला येऊन रेल्वेने जळगावला यायच्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा फडक्यात बांधून माझ्यासाठी, आणि हिच्यासाठी मुगाचं पातळ वरण. हिच्या पायांना तेल लावत बसायच्या. मला म्हणायच्या, तुम्ही घरी जा, झोपा. ते दिवस बोंडं पिकायचे होते. वर्षभराची मेहनत फुटून जात होती आणि अक्का दवाखान्यातल्या लाकडी बाकावर बसून होत्या. जे थोडं बी हाती लागलं ते त्यांनी येता-जाता घाईघाईत गोळा केलेलं, कुठल्या झाडाचं हे बघायला वेळ न मिळता. माझी चाळीस रोपं तिथेच उभी होती. मला त्यांची आठवणही राहिली नाही.

दिवाळीआधीच्या बैठकीत अक्कांच्या पुड्या नेहमीसारख्या वाटल्या गेल्या. आणि पुढच्या भाद्रपदात दोंडाईच्याच्या रमेशभाऊंचा फोन आला. त्यांनी तीन वर्षं खपून एका टेकडीवर रानतेरडा रुजवला होता. त्यात यंदा लालभडक, पांढरी, गुलाबासारखी गच्च दुहेरी फुलं आली होती. रमेशभाऊ रडकुंडीला आले होते. त्यांना सगळा उतार उपटावा लागला. इतर दोन ठिकाणांहूनही तेच कळलं. सगळीकडचं बी अक्कांचं.

धुळ्याला बैठक बसली. "अक्कांनी बाजारातली रोपं लावली असणार," कोणीतरी म्हणालं. रमेशभाऊंनी सरळ विचारलं, "अक्का, तुम्हीच सांगा, काय झालं?" त्यांचा मी दोष मानत नाही; त्यांचं नुकसान खरं होतं. मी इतिवृत्ताची वही उघडून बसलो होतो. आता बोलावं, आता बोलावं, असं म्हणत मी पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिलो. अक्कांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग सभेकडे तोंड करून म्हणाल्या, "चूक मनी शे. मना बी मा भेसळ व्हयनी." आणि बसल्या.

ठराव झाला: 'श्रीमती सिंधूबाई यांचे तेरड्याचे बी यापुढे मंडळाने स्वीकारू नये.' तो ठराव माझ्या अक्षरात आहे. खाली सचिव म्हणून माझी सही आहे. सही सुबक आहे. जाऊन बघा.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. पारोळा गेलं. शेवटी विचारलं, "अक्का, तुम्ही असं का बोललात?" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "नालामाईन पिशव्या मीच काढ्यात, सर. दिवाळीनंतर पानी उतरनं तव्हय." मी नाल्यात दाबलेल्या पिशव्या त्यांनीच काढल्या होत्या, म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. मी म्हणालो, मी उद्याच पत्र लिहून खरं सांगतो. त्यांनी मान हलवली. "तुमनं नाव गयं ते मंडळ कोन देखी? मनं काय, मी तठेच राहसू." माझं नाव गेलं तर मंडळ बघणार कोण, आपलं काय, आपण आहोत तिथेच राहू, असं त्यांचं म्हणणं. मी ते मान्य केलं. किती चटकन मान्य केलं! त्या थोर होत्या म्हणून मी गप्प बसलो, असं मी अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं एवढंच, की मी घाबरलो होतो आणि त्यांनी मला लपायला जागा दिली.

मग सुरू झाली निवडणी. भेसळीचं झाड फुलल्याशिवाय ओळखू येत नाही, आणि फुललं की मधमाशा लगेच हजर. म्हणून पहिली कळी उमलायच्या दिवसांत रोज काठावर जायचं, एकेका झाडापुढे वाकायचं, पाकळ्या बघायच्या, रंग बघायचा, शंका आली तरी उपटायचं. श्रावण-भाद्रपद दोन्ही महिने. मी निवृत्त झाल्यावर दिवसाआड जात होतो, अक्का रोज. चिखल, डास, पाठीला रग. पहिल्या वर्षी आम्ही निम्म्याहून जास्त काठ उपटला. त्या संध्याकाळी अक्का ओट्यावर बसल्या आणि हिरवे झालेले तळवे नुसते बघत राहिल्या. आपणच वाढवलेलं आपणच उपटायचं. मला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि या काळात मंडळाच्या बैठकांना अक्का येतच राहिल्या. मागच्या रांगेत बसायच्या. इतरांच्या पुड्या बांधू लागायच्या. कोणीतरी गमतीने 'भेसळ अक्का' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. चांगली माणसंही हसायची. मीही एकदा हसलो आहे. आज हे लिहिताना त्या हसण्याची जेवढी लाज वाटते तेवढी सहीचीही वाटत नाही.

गेली तीन वर्षं काठावर एकही दुहेरी फूल आलेलं नाही. एकही लाल नाही, पांढरं नाही. दोन वर्षांपूर्वी अक्कांनी बैठकीत हळूच विचारलं होतं, आता घ्याल का बी? अध्यक्ष म्हणाले, बघू. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, बघू. झालं. आणि आता यंदा अक्कांच्या उजव्या डोळ्याला कमी दिसू लागलंय. पाकळ्या बोटांनी चाचपून मोजतात. माझे गुडघे वाकत नाहीत. आम्ही दोघंही दमलो आहोत, आणि तेरड्याला त्याचं काही नाही; तो पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून उगवणार. हे बी आता वेगवेगळ्या हातांत गेलं नाही, तर ते आमच्याबरोबर संपेल. आणि ते जात नाही, कारण माझा ठराव आडवा पडला आहे.

हा लेख छापायला देण्याआधी मी अक्कांना त्यांच्या ओट्यावर बसून वाचून दाखवला. शाळेतल्या रोपाच्या आठवणीला त्या हसल्या. दवाखान्याच्या भागाला त्यांनी हात झटकला. पिशव्यांचा उल्लेख आला तेव्हा म्हणाल्या, "हाई काढी टाका."

"नाही काढणार."

"मना सत्कारना दिन तुमनी फजिती कसाले?"

"अक्का, सात वर्षं तुमची झाली ना," मी म्हणालो. "मला माफ करा, हे मी कधी म्हणालोच नाही तुम्हाला."

त्या सुपातलं बी निवडत राहिल्या, डावा डोळा जवळ नेऊन. मग म्हणाल्या, "मंग त्यासले सांगा, बी ल्या म्हना." माफ केलं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही, आणि मी पुन्हा विचारलेलं नाही.

म्हणून मंडळाच्या सर्व सभासदांना कळवतो: भेसळ मी केली. अक्कांनी केली नाही. त्या ठरावाखालची माझी सही मी मागे घेत आहे आणि सचिवपदाचा राजीनामा वेगळ्या पत्राने पाठवला आहे. रमेशभाऊ, तुमच्या टेकडीचा गुन्हेगार मी आहे. तुम्ही जे बोलाल ते ऐकून घ्यायला मी समारंभाच्या दिवशी पहिल्या रांगेत बसलेला असेन. आणि शाल-श्रीफळ द्यायला जे जे मंचावर जातील त्यांनी रिकाम्या हाताने परत येऊ नये. अक्कांसमोर पुड्या ठेवलेल्या असतील. त्यांच्या हातून एक घ्या.

अक्का, आपली दृष्टी टिको, आपले हातपाय चालते राहोत, आपल्याला निरोगी आयुष्य लाभो. अशा वेळी शंभर वर्षं म्हणायची पद्धत आहे. मी एकशे सात म्हणतो. वरची सात मी तुमच्याकडून घेतलेली आहेत.